जन्मतः एकच किडनी आणि प्रेग्नंसी – अनुभव हवेत

काजवा_नाशिक:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या. वय ३१. मला जन्मापासून एकच किडनी आहे, उजवी. कॉलेजात असताना पोट दुखलं, अपेंडिक्सची शंका म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा कळलं. सोनोग्राफीवाले डॉक्टर प्रोब फिरवता फिरवता सहज म्हणाले, डावी काढलीय का. आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. अपेंडिक्स बिचारं ठणठणीत निघालं.
आता बाळाचा विचार चाललाय. क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) ०.८, बीपी ११८/७६, बाकी तब्येत उत्तम. एक गायनॅक म्हणाल्या काही होत नाही, फॉलिक अ‍ॅसिड घ्या आणि लागा तयारीला. दुसऱ्या म्हणाल्या हाय रिस्क आहे, आधी नेफ्रोकडून, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडून, लिहून आणा आणि सिझरची मनाची तयारी ठेवा. कुणाचं ऐकू? नवऱ्याला लग्नाआधीच सांगितलं होतं, सासूबाईंना माहीत नाही.
मला तीन गोष्टी विचारायच्यात. आधी कुठल्या टेस्ट कराव्यात, सिझर लागतंच का, आणि बाळालाही एकच किडनी येते का.

रानजाई:
हात मिळव गं. मी एक किडनीवाली, दोन पोरांची आई, मुक्काम कोल्हापूर. मला तर पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत कळलं, तोवर काही पत्ता नव्हता. पहिलं बाळंतपण नॉर्मल, काही म्हणजे काही झालं नाही. दुसऱ्या वेळी आठव्या महिन्यात बीपी १४६/९४ गेलं, लॅबेटालॉल ही बीपीची गोळी सुरू केली, लघवीत प्रोटीन नव्हतं म्हणून डॉक्टर थांबले, ३७ आठवडे भरल्यावर कळा आणल्या, तेही नॉर्मलच. त्यामुळे नुसत्या किडनीपायी सिझर लागत नाही. बीपीचं मशीन घरी आणून ठेव, दंडाला बांधायचं, मनगटाचं घेऊ नकोस, ते काहीही दाखवतं.

नाना_वाडीवाले:
आमच्या चुलत आत्याला एकच किडनी होती. सहा पोरं झाली, शेवटपर्यंत शेतात राबली. हे टेस्टचं खूळ आत्ताचं. सकाळी उपाशीपोटी पुनर्नव्याचा काढा घ्या आणि निश्चिंत रहा.

चिंचेचं_बोटुक:
@नाना, आत्याला एकच किडनी होती हे टेस्टशिवाय कळलं कसं? (हलके घ्या)

नाना_वाडीवाले:
म्हातारपणी मुतखड्यासाठी मिरजेला नेलं होतं तेव्हा. हो, सोनोग्राफीतच. हसा.

डॉ_निवांत:
मी गायनॅक आहे. इथे बसून कुणाला औषध सांगता येत नाही, पण मोघम लिहिते.
नाना, काढा नको. गरोदरपणात नको आणि एका किडनीवर तर मुळीच नको. त्या पुडीत काय काय कुटलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.
काजवा, तुझ्या दोन्ही डॉक्टर अर्ध्या अर्ध्या बरोबर आहेत. हजार-दोन हजार जन्मांमागे एकाला अशी एकच किडनी असते, बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. आहे ती लहानपणापासून मोठी होत जाते. तुझ्या जुन्या रिपोर्टमध्ये लांबी लिहिलेली असेल, बघ, नेहमीपेक्षा जास्तच निघेल. गरोदरपणात किडनीचं गाळण्याचं काम तसंही जवळजवळ दीडपट होतं, तेही पहिल्या तीन महिन्यांतच, आणि धडधाकट असलेली एक किडनी ते निभावते. म्हणूनच त्या काळात क्रिएटिनिन खाली येतं, ०.५-०.६ वगैरे. आता गंमत अशी की सातव्या महिन्यात ०.९ आलं तर लॅबच्या कागदावर ते नॉर्मलच छापून येतं, नवरा खूश, सासू खूश, आणि मी मात्र तिथे थांबते. तुझं आत्ताचं ०.८ तारखेसकट लिहून ठेव, पुढे तुलनेला तेच लागणार. लघवीतलं प्रोटीनही आत्ताच मोजून घे. नाहीतर सहाव्या महिन्यात प्रोटीन सापडलं तर आधीपासूनचं की आत्ताचं यावर आम्ही डोकं खाजवत बसतो.
पण खरं सांगू का, किडनीच्या आधी मला तुझी पिशवी बघायची आहे. कुणी नीट बघितलीय का? किडनी आणि गर्भाशय पोटातल्या बाळात शेजारी शेजारी, एकमेकांच्या आधाराने घडतात. एका बाजूची किडनी झालीच नाही तर त्या बाजूची पिशवीही अर्धवट राहू शकते. एक किडनीवाल्या बायकांत साधारण तिघींतल्या एकीला असं काहीतरी सापडतं. अर्धीच पिशवी, दोन पिशव्या, मधे पडदा. ओव्हरी वेगळ्या ठिकाणाहून येतात त्यामुळे त्या बहुधा ठीक असतात, पाळी वेळेवर येते आणि कुणाला शंका येत नाही. गर्भपात, वेळेआधी बाळंतपण, बाळ आडवं किंवा पायाळू असणं, या गोष्टी पिशवीमुळे जास्त होतात. थ्रीडी सोनोग्राफी करून घे, तरी नक्की कळलं नाही तर एमआरआय. आणि हे सगळं दिवस राहायच्या आधी.

अर्धचंद्र:
डॉक्टरांना +१००. मी उलट्या बाजूने इथे पोचले. चौथ्या महिन्यात बाळ गेलं, कारण कळेना. मग एचएसजी करायला गेले, ती पिशवीत डाय सोडून एक्स-रे काढतात ती. टेबलावर आडवी पडूनच मान वाकडी करून मशीनची स्क्रीन बघत होते, त्रिकोण दिसायला हवा म्हणून वाचून गेले होते आणि तिथे एका बाजूला वळलेलं बारकं केळं. रेडिओलॉजिस्ट बाईंनी तिथल्या तिथे विचारलं, तुमच्या किडन्या कधी मोजल्यात का. मला वाटलं बाई चेष्टा करतायत. बाहेर येऊन लगेच सोनोग्राफी, आणि निघाली एकच.
पुढच्या वेळी पिशवीच्या तोंडाची लांबी सारखी मोजत होते, बाळाला फिरायला जागाच नव्हती, शेवटपर्यंत डोकं वर. ३६व्या आठवड्यात पाणी गेलं, सिझर. पोरगी २.१ किलोची. आता बोलायला लागली की थांबत नाही. त्या चौथ्या महिन्याआधी कुणी एक सोनोग्राफी लिहून दिली असती तर निदान माहीत तरी असतं.

चिंचेचं_बोटुक:
म्हणजे पायाळू! पत्ता द्या, माझी कंबर धरलीय, उसण काढून देईल का?

अर्धचंद्र:
लाथा भरपूर मारते, उसणीची गॅरंटी नाही. शिवाय सिझरची पायाळू चालते का ते नानांना विचारा.

नाना_वाडीवाले:
चालत नाही. नॉर्मलचीच लागते.

लिंबूटिंबू:
मला एक शंका आहे, रागवू नका. किडनी दान करणारे लोक नंतर एकाच किडनीवर जगतात. आपल्याकडे तर देणाऱ्यांत बायकाच जास्त, आई नाहीतर बायको. मग जन्मतः एक असण्याचं एवढं काय?

रात्रपाळी:
मी डायलिसिस युनिटला स्टाफ नर्स आहे, मी सांगते. दान केलेल्या बायकांच्या गरोदरपणाचा कॅनडात ओंटारियोला अभ्यास झालाय, न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली आला. ८५ दात्या आणि त्यांची १३१ गरोदरपणं. त्यात बीपी किंवा प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रोटीन जातं तो आजार) ११ टक्के, आणि तेवढ्याच धट्ट्याकट्ट्या पण दान न केलेल्या बायकांत ५ टक्के. वेळेआधी बाळंतपण किंवा कमी वजनाचं बाळ यात म्हणावा असा फरक दिसला नाही.
पण दाता घेताना त्याला उलटंपालटं करून तपासतात, जराशी शंका आली तरी घरी पाठवतात. जन्मतः एक असलेलीला असं कुणी निवडून घेतलेलं नसतं. तिच्या त्या एकुलत्या किडनीतच काही खोट असू शकते, म्हणजे लघवी मूत्राशयातून उलटी वर चढणं वगैरे. त्यामुळे दात्यांचा आकडा तिला जसाच्या तसा लावू नका. आणि मुतखडा. दोन किडन्यावाल्याला खडा अडकला तर तो कळवळतो, एक किडनीवाल्याला अडकला तर लघवीच बंद होते. लघवी होत नाही असं वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही.

लिंबूटिंबू:
दुप्पट म्हटलं की पोटात गोळा येतो आणि शंभरातल्या ८९ जणींना काही झालं नाही म्हटलं की बरं वाटतं. धन्यवाद, कळलं.

खडूस_पेन्शनर:
सगळं ठीक, पण हाय रिस्कचा शिक्का मारला की बिल वाढतं हेही लिहा कुणीतरी. आमच्या सुनेला शुगर थोडी वर होती, लगेच पॅकेज बदललं, दर आठवड्याला डॉपलर, ती बाळाचा रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी. हे डॉक्टर लोक घाबरवतात आणि आपण घाबरतो.

सुईण_नव्हे_एएनएम:
काका, शहरातलं मला माहीत नाही. आमच्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे. जिला धोका आहे तिच्या कार्डावर लाल स्टिकर लावतो, त्याचा एक पैसा घेत नाही. स्टिकर बघून रात्री दोन वाजता १०८ वाला पण प्रश्न न विचारता थेट जिल्ह्याला नेतो, मधे तालुक्याला थांबत नाही. तो शिक्का मला तरी वाईट वाटत नाही.

खडूस_पेन्शनर:
हे माहीत नव्हतं. तरी डॉपलरचं बोलतोच आहे मी.

सावळी_बाई:
बीपीवर सगळे बोलले, लघवीवर कुणीच बोलेना म्हणून लिहिते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मराठवाड्यात. एकच किडनी, डावी. शाळेत बाईमाणसासाठी संडास आहे पण तेव्हा आतून कडी नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं. सकाळी एसटीने निघायचं ते संध्याकाळी घरी, मधे लघवीला जायचं नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. आम्ही सगळ्या बाया तेच करायचो, त्यात काही वेगळं वाटायचं नाही. पाचव्या महिन्यात एके दिवशी वर्गात हुडहुडी भरली, ताप १०३, डाव्या कुशीत असं दुखायला लागलं की बसवेना, उभं राहवेना. एकच किडनी आणि तिलाच इन्फेक्शन. अ‍ॅडमिट केलं, सलाईनमधून अँटिबायोटिक, क्रिएटिनिन १.६ पर्यंत गेलं आणि नंतर उतरलं. त्याआधी जळजळ नाही, काही नाही. बाळ सुखरूप आहे, तिसरीत आहे.
त्यानंतर दर महिन्याला लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघतात ती तपासणी) केलं. आणि शाळेतली कडी माझ्या नवऱ्याने रविवारी जाऊन स्वतः बसवली. तिच्या खर्चाचा अर्ज अजून पंचायत समितीत आहे.

रानजाई:
बाई, कडीचं वाचून हसू का रडू कळेना.

डॉ_निवांत:
सावळीबाईंनी अगदी मुद्द्याचं लिहिलंय. गरोदरपणात शंभरातल्या दोन ते दहा जणींच्या लघवीत जंतू असतात आणि त्रास काहीच नसतो. सोडून दिलं तर त्यातल्या बऱ्याच जणींचं इन्फेक्शन वर किडनीपर्यंत जातं. साध्या लघवी तपासणीवर भागवू नका, कल्चर सांगा. पहिली धार सोडून मधली धार बाटलीत, आणि बाटली लॅबचीच, घरची जॅमची धुऊन आणायची नाही, हे रोज सांगावं लागतं.
अजून एक. गरोदरपणात उजव्या किडनीची नळी बऱ्याच जणींची थोडी फुगते, वाढलेल्या पिशवीचा दाब त्या बाजूला जास्त पडतो म्हणून. काजवाची एकुलती किडनी उजवीच आहे, तेव्हा सोनोग्राफीत सूज लिहून आली तर लगेच हाय खायची नाही. ताप, दुखणं, लघवी कमी, क्रिएटिनिन वर, यातलं काही सोबत असेल तर मात्र लगेच दाखवायचं. आणि पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांनी पाणी टिकत नसेल तर घरी लिंबू हुंगत बसू नका, सलाईन लावून घ्या.

वाकडीवाट:
थोडं विषयांतर. काजवाने नवऱ्याला लग्नाआधी सांगितलं हे वाचून विचारतेय. माझ्या चुलतबहिणीचं बघणं चालू आहे, तिलाही एकच किडनी. काकू म्हणते सांगायचं नाही, आपणहून कुणी विचारतं का. बहीण म्हणते पहिल्याच भेटीत सांगणार.

चिंचेचं_बोटुक:
छत्तीस गुण जुळवतात, किडन्या कोण मोजतं!

खडूस_पेन्शनर:
सांगायलाच हवं. उद्या कळलं तर फसवलं म्हणतील.

रानजाई:
मुलाच्या किडन्या मोजल्यात का कुणी पण? त्याला स्वतःला तरी माहीत आहे का किती आहेत? पुरुषांत हे बायकांपेक्षा जास्त असतं म्हणे. मुलीचाच तेवढा रिपोर्ट टेबलावर का ठेवायचा?

खडूस_पेन्शनर:
बाळंतपण मुलीला असतं म्हणून.

रानजाई:
आणि मेडिक्लेमचा फॉर्म दोघांनाही असतो. तिथे तर लपवूच नका, क्लेमच्या वेळी नेमका जुना सोनोग्राफी रिपोर्ट बाहेर येतो.

वाकडीवाट:
काकूला हा धागा दाखवते, बघू काय म्हणते.

तिसरा_मजला:
अंजू बॉबी जॉर्जचं नाव अजून कसं आलं नाही? २००३ मध्ये पॅरिसला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये लांब उडीत ब्राँझ. तिने २०२० मध्ये स्वतः जाहीर सांगितलं की मी हे सगळं एका किडनीवर केलं, वर पेनकिलरची अ‍ॅलर्जी. चुलतबहिणीने मुलाला पहिल्या भेटीत हेच सांगावं.

नाना_वाडीवाले:
आत्या पण उडी चांगली मारायची. विहिरीत.

गारठा_लेस्टर:
पेनकिलरवरून आठवलं, माझ्या बहिणीचा किस्सा सांगायलाच हवा. तिची एकच किडनी, सिझर भारतात झालं, शहर सांगत नाही. फाईलच्या पहिल्या पानावर किडनीचं लिहिलेलं होतं. पण वॉर्डात रात्री पानं कोण उलटतं, दुखतंय म्हटल्यावर नेहमीप्रमाणे डायक्लोफिनॅक या पेनकिलरची सपोझिटरी (शौचाच्या जागी ठेवतात ती गोळी) दिली, सकाळी परत दिली. दुसऱ्या दिवशी नळीच्या पिशवीत लघवी दिसेना आणि पायावर सूज. आईने, माझ्या आईने, दहावी शिकलेल्या बाईने, नर्सला विचारलं हे किडनीला चालतं का. तेव्हा पळापळ. सुदैवाने आठवड्याभरात सगळं जागेवर आलं. त्यांनी सॉरी वगैरे काही म्हटलं नाही, बिलात नेफ्रोची व्हिजिट मात्र लावली.

रात्रपाळी:
हे मी लाल शाईने लिहीन. डायक्लो, आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक, पाळीला घेतात त्या गोळ्या, कॉम्बिफ्लामसुद्धा, एक किडनीवाल्यांनी आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. पॅरासिटामॉलवर बरंच भागतं, भागलं नाही तर भूलतज्ज्ञाकडे दुसरे पर्याय असतात. पण भूलतज्ज्ञाला तोंडाने सांगा, वॉर्डातल्या सिस्टरला सांगा, ड्युटी बदलली की नव्या सिस्टरला परत सांगा. आम्हाला राग येत नाही. आला तरी येऊ दे. काजवा, सासूबाईंना सांगायचं ते याचसाठी, तू भुलीत असशील तेव्हा खाटेजवळ कुणीतरी माहीतगार हवं.

गारठा_लेस्टर:
अगदी. मी इकडे इंग्लंडला, मला प्रीएक्लॅम्प्सिया टाळायला १२व्या आठवड्यापासून रात्री अ‍ॅस्पिरिन दिलं होतं पण माझं कारण वेगळं, आधीपासून बीपी. नुसत्या एका किडनीला देतात का?

डॉ_निवांत:
किडनीचं काम कमी झालेलं असेल, आधीपासून बीपी असेल, मागच्या वेळी प्रीएक्लॅम्प्सिया झाला असेल तर नक्की. किडनी एकच पण उत्तम असेल तर डॉक्टर-डॉक्टरांत मतं वेगळी आहेत. मी बऱ्याचदा देते. १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान सुरू, ३६ला बंद. पण वाचून स्वतः सुरू करू नका.

मोगरा८८:
मला बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० चालू आहे, किडनी एकच, आम्ही प्लॅन करतोय. ही चालेल ना?

डॉ_निवांत:
नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल हा सगळा गट गरोदरपणात बाळाच्या किडनीला घातक आहे. लॅबेटालॉल किंवा निफेडिपिनवर बदलून देतील. आपणहून बंदही करू नका, बीपी उसळेल.

मोगरा८८:
बापरे. उद्याच जाते.

काजवा_नाशिक:
आले परत. मधे गायब होते कारण टेस्टच्या रांगा. थ्रीडी सोनोग्राफी झाली, पिशवी एकच आणि पूर्ण, वरच्या बाजूला जरासा खळगा आहे, त्याला काही करायची गरज नाही म्हणाल्या. किडनी १२.६ सेंमी, डॉक्टर म्हणाल्या तशी मोठीच निघाली. लघवीत प्रोटीन नाही, कल्चर निल. नेफ्रो भेटले, त्यांनी दहा मिनिटांत मोकळं केलं, दिवस राहिले की या आणि मग दर महिन्याला बीपी आणि लघवी, दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन. सिझरचं विचारलं तर म्हणाले ते गायनॅकने ठरवायचं, माझ्या बाजूने काही कारण नाही.
रात्रपाळीताईंचं वाचून सासूबाईंना सांगितलं. रडारड होईल असं वाटलेलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, मग हरतालिकेचा निर्जळी उपास तू करायचा नाहीस, या वर्षीपासून बंद, मी बघते कोण काय म्हणतं ते. वर मला विचारतात, तुझ्या नवऱ्याच्या किडन्या बघितल्यात का?

रानजाई:
सासूबाईंना इथे आयडी काढून द्या, खडूसकाकांशी त्याच बोलतील.

खडूस_पेन्शनर:
मी वाचतोय.

काजवा_नाशिक:
डॉक्टर, माझा एक प्रश्न राहिला. बाळाला येतं का हे?

डॉ_निवांत:
हो, तो राहूनच गेला. बहुतेक वेळा नाही. पण घरात एकाला असलं की दुसऱ्याला असण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते. म्हणून १८ ते २० आठवड्यांच्या अ‍ॅनोमली स्कॅनला गेलीस की बाळाच्या दोन्ही किडन्या नीट बघा असं मुद्दाम सांग. आणि तुझ्या भावंडांची, आईवडिलांची एकेक साधी सोनोग्राफी करून टाका.

धुरळा_सातारा:
उशिरा आलोय. बायकोला पाचवा महिना आहे. परवाच्या स्कॅनला तिची स्वतःची उजवी किडनी दिसली नाही. एक जण म्हणाले डीएमएसए नावाचा किडनीचा स्कॅन करून खात्री करा, किडनी खाली ओटीपोटात सरकलेली असू शकते. करावा का?

डॉ_निवांत:
शंका रास्त आहे, पण डीएमएसएमध्ये किरणोत्सारी औषध टोचतात, ते आत्ता नको, बाळंतपणानंतर. आत्ता मूत्राशय भरलेलं ठेवून ओटीपोटात परत एकदा सोनोग्राफीच करा. तिथे किडनी सापडली तर तुमच्या गायनॅकला आधी कळायला हवं, कारण सिझर करायची वेळ आली तर ती त्यांच्या वाटेत असेल. आणि बीपी कधी मोजलं होतं शेवटचं?

धुरळा_सातारा:
मागच्या महिन्यात. आज संध्याकाळी मोजून इथे टाकतो.